'आक्रमण' हे नुसते मत नव्हे

"स्थलांतराला आक्रमण म्हणणे हे फार तर जहाल मत आहे, आम्ही बेकायदा घुसलेल्यांविषयीच बोलतो, आणि शब्दांनी कुणी मरत नाही," अशा आशयाचा मजकूर समाजमाध्यमांवर सतत फिरत असतो.

व्हिसाचे नियम कडक करा, येणाऱ्यांची संख्या घटवा, हे मत झाले. त्यावर आकडे मांडून भांडता येते. 'आक्रमण' म्हटले की वादाला जागा उरत नाही, कारण आक्रमकाशी चर्चा करायची नसते, त्याला परतवून लावायचे असते. 'लोंढा' हा शब्द त्याहून साळसूद आहे (निर्वासितांच्या बातम्यांत तो आपणही मनात द्वेष नसताना वापरतो). लोंढ्याला नाव नसते, वय नसते, त्याच्या कडेवर मूल नसते.

'फक्त बेकायदा' हा दावा तर घटनांपुढे टिकतच नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) 11 जणांना मारणाऱ्याने, निर्वासितांना मदत करणारी एक ज्यू संस्था 'आक्रमक' आणते, असे काही वेळ आधीच 'गॅब' या समाजमाध्यमावर लिहिले होते. मेले ते शनिवारच्या प्रार्थनेला आलेले लोक. मे 2022 मध्ये अमेरिकेतल्याच बफेलोत, परके लोक गोऱ्यांची जागा घेत आहेत या कल्पनेने पछाडलेल्या तरुणाने सुपरमार्केटमध्ये 10 कृष्णवर्णीयांना ठार केले. त्यांचा बेकायदा प्रवेशाशी काय संबंध होता?

शब्द वाचून प्रत्येक जण बंदूक उचलत नाही, हे मान्यच आहे. पण ऑगस्ट 2019 मध्ये टेक्सासमधील एल पासोत 23 जणांचे प्राण घेणाऱ्याने आपले कृत्य हे 'टेक्सासवरील हिस्पॅनिक आक्रमणा'ला उत्तर असल्याचे लिहून ठेवले, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चच्या मशिदींत 51 जणांना मारणाऱ्याची त्याने वाखाणणीही केली. हे कारण मारेकऱ्यांनीच दिले आहे, तेही याच शब्दात. ते आपण शोधून काढलेले नाही.

जुलै 2024 मध्ये इंग्लंडमधील साउथपोर्टला तीन मुलींची हत्या झाली, तेव्हा हल्लेखोर होडीतून आलेला आश्रयार्थी आहे, ही अफवा एका बनावट नावासह काही तासांत पसरली. तो ब्रिटनमध्येच, कार्डिफला जन्मलेला होता. हे जाहीर झाल्यानंतरही, 4 ऑगस्टला रॉदरहॅमजवळ आश्रयार्थी राहत असलेल्या हॉटेलला, आत माणसे असताना, जमावाने आग लावण्याचा प्रयत्न केला.