रागांच्या यादीपेक्षा ग्वाल्हेरला काय हवं

2023 मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरचं नाव संगीत-शहरांच्या यादीत घातलं आणि आमच्या घरच्या ग्रुपवर जुना वाद नव्याने पेटला. कोणत्या रोगावर कोणता राग, अशी एक यादी फिरते: दरबारी राग रक्तदाबावर, अमका राग मधुमेहावर. काका म्हणतात, पूर्वजांना सगळं ठाऊक होतं. भाचा म्हणतो, निव्वळ थोतांड. मी इंग्लंडमध्ये म्युझिक थेरपिस्ट, म्हणजे संगीताच्या मदतीने रुग्णांवर उपचार करणारी, त्यामुळे दोघेही मलाच साक्षीला ओढतात.

या वादात रोगी कुठेच नाही, हे मला खुपतं. पक्षाघाताने वाचा गेलेला माणूस कित्येकदा ओळखीचं गाणं मात्र शब्दांसकट म्हणतो. आम्ही तिथून सुरुवात करतो. चहा मागण्यापुरतं छोटं वाक्य घ्यायचं, ते वरच्या-खालच्या दोनच सुरांत म्हणायचं, दर अक्षराला त्याच्या डाव्या हातावर हलकी थाप द्यायची. आधी मी म्हणते, मग दोघं मिळून, मग मी मध्येच थांबते आणि तो पुढे नेतो का ते बघते. जमू लागलं की सूर काढून घेत जायचा. शेवटी साधं बोलणं उरायला हवं. सगळ्यांना याचा गुण येत नाही, आणि ते घरच्यांना आधीच सांगावं लागतं.

इथे इंग्लंडमध्ये म्युझिक थेरपिस्ट हे पदनाम कायद्याने राखीव आहे. एमएच्या पातळीचं शिक्षण, रुग्णांसोबत देखरेखीखाली काम, मग नोंदणी. नोंदणी नसताना हे नाव लावून लोकांना फसवणं हा गुन्हा. आपल्याकडे चार दिवसांच्या शिबिरावर पाटी लागते, आणि हताश आईबाप मुलाला घेऊन तिथे जातात. याचा मला संताप येतो.

पण इथला रुग्ण माझ्यासोबत आठवड्यातून एकदा गातो, एरवी खोलीत टीव्हीसमोर एकटा. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मराठी घरांत आजी अंथरुणाला खिळली तरी आरतीला चार गळे जमतात. जिथे तानसेन समारोह या संगीत महोत्सवाचा आरंभ ढोलीबुवांच्या हरिकथेने आणि मिलादने, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतिगायनाने होतो, त्या गावाला गाणं शिकवायला कोणी नको.

हवा आहे तो म्युझिक थेरपीचा रीतसर अभ्यासक्रम. राजा मानसिंह तोमर संगीत विद्यापीठ आणि गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय एकाच शहरात आहेत. दोघांनी मिळून तो काढावा, पदवी द्यावी, विद्यार्थ्यांना वॉर्डात पाठवावं. कच्चा मसुदा लिहून द्यायला मी तयार आहे, सुट्टी काढून शिकवायलाही येईन.