तीन कोर्टांनी दोषी ठरवलं म्हणून?

सध्या एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे: 'तीन-तीन कोर्टांनी दोषी ठरवलेला माणूस निर्दोष असूच शकत नाही. निर्दोष माणूस गुन्हा कबूल करत नाही. प्रत्यक्षदर्शी खोटं कशाला बोलेल? चूक झालीच तर भरपाई मिळते. निरपराधांच्या नावाने गळा काढणारे खरं तर गुन्हेगारांना वाचवतात.' ऐकायला पटतं, म्हणूनच ते घातक आहे.

आधी 'तीन कोर्टं' घेऊ. २००३ साली नाशिकजवळ एका शेतवस्तीवर दरोडा पडला. पाच खून, बलात्कार. भटक्या समाजातल्या सहा जणांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीचीच शिक्षा सुनावली. झाली तीन कोर्टं. मग ५ मार्च २०१९ रोजी फेरविचारात त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने घटनेनंतर लगेच पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंमधून दुसऱ्याच चार जणांना ओळखलं होतं. त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. फाशीची शिक्षा झालेल्यांपैकी एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

हे तिन्ही पायऱ्यांवरून निसटलं कसं? अपिलात साक्षीपुरावा सहसा नव्याने होत नाही. वरचं न्यायालय खालच्या न्यायालयाचे कागद वाचतं. उलटतपासणीत जो प्रश्न विचारलाच गेला नाही, त्याचं उत्तर त्या कागदांत कुठून येणार? गरीब आरोपीला अनेकदा वकील मिळतो तोच उशिरा, आणि त्याला कागदपत्रं वाचायलाही धड वेळ नसतो. तीन न्यायालयं म्हणजे तीन स्वतंत्र तपास नव्हेत. तपास एकच असतो, आणि तो पोलिसांनी केलेला असतो.

कबुलीचं म्हणाल, तर आपला कायदाच तिच्यावर विश्वास ठेवत नाही. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. कोठडीत काय होतं हे इंग्रजांनाही माहीत होतं. पोटासारख्या दहशतवादविरोधी कायद्याने हा नियम बाजूला सारला तेव्हा काय झालं ते गुजरातमधल्या अक्षरधाम मंदिरावरच्या हल्ल्याच्या खटल्यात दिसलं. अशाच कबुलीजबाबांवर भिस्त ठेवून दिलेल्या शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०१४ रोजी रद्द केल्या आणि सहा जणांना सोडलं. त्यातल्या तिघांना फाशीची शिक्षा झालेली होती. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या बलात्काराच्या प्रकरणात १९८९ साली चार किशोरवयीन मुलांनी कॅमेऱ्यासमोर कबुली दिली. २००२ मध्ये डीएनए जुळला तो भलत्याच माणसाशी. तासन्‌तास चाललेल्या चौकशीत 'एवढं म्हण आणि घरी जा' हे वाक्य माणसाला मोडायला पुरतं.

प्रत्यक्षदर्शी खोटं बोलतो असं कोणीच म्हणत नाही. तो मनापासून चुकतो. अंधार, भीती, काही क्षणांची नजरभेट, आणि ओळख परेडीच्या आधीच दिसलेला फोटो. अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे निर्दोष ठरलेल्यांपैकी दर दहांतल्या जवळपास सात खटल्यांत साक्षीदाराने चुकीचा माणूस ओळखला होता.

आता भरपाई. चुकीची शिक्षा भोगलेल्याला हक्काने भरपाई मिळेल असा कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगाने २०१८ च्या २७७व्या अहवालात तशी शिफारस केली होती. त्यानंतर फौजदारी कायदे नव्याने लिहिले गेले, पण ही तरतूद त्यांत आली नाही. नाशिकच्या त्या सहा जणांना न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये देवविले. जवळपास १६ वर्षांचा हिशेब केला तर महिन्याला २,६०० रुपये पडतात. तेही ते जिवंत होते म्हणून. ब्रिटनमध्ये खुनासाठी चुकीने दोषी ठरलेल्या टिमोथी इव्हान्सला १९५० साली फाशी झाली आणि माफी मिळाली १९६६ मध्ये.

राहिला शेवटचा आरोप, गुन्हेगारांना वाचवण्याचा. मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते. नाशिकच्या खटल्यात खऱ्या गुन्हेगारांना कोणी वाचवलं असेल, तर ते चुकीच्या माणसांना पकडून फाइल बंद करणाऱ्यांनी. ज्या चौघांना त्या महिलेने ओळखलं होतं, त्यांचा तपास करा, असा आदेश न्यायालयाला २०१९ मध्ये द्यावा लागला. पाच जीव गमावलेल्या कुटुंबाचीही ती १६ वर्षं वायाच गेली. कोठडीत काय होतं ते दिसावं म्हणून पोलीस ठाण्यांत आवाजासह चित्रीकरण करणारे कॅमेरे बसवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. हा संदेश पुढे पाठवण्याआधी आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात ते कॅमेरे चालू आहेत का, एवढं माहिती अधिकारात विचारून घ्या.