‘गॅरंटी कार्ड दाखवा’

२०२४ च्या जूनमध्ये आईचा फोन आला, “हॉलमध्ये पंख्याच्या हुकाजवळ ओल दिसतेय गं.” आठवडाभरात तिथून थेंब पडायला लागले. आमचं घर चिपळूणचं, स्लॅबचं. त्याच स्लॅबवर दोन वर्षांपूर्वी बाबांनी पेन्शनच्या पैशातून ४८ हजार खर्चून वॉटरप्रूफिंग करून घेतलं होतं. ठेकेदार तेव्हा म्हणाला होता, “काका, सात वर्षं वर बघायचं नाही.”

बाबांनी त्याला फोन केला. गणपतीनंतर येतो, दसऱ्यानंतर येतो, असं करत पावसाळा गेला. दिवाळीनंतर त्याने सरळ विचारलं, “गॅरंटी कार्ड दाखवा.” कार्ड नव्हतंच. त्याने दिलं नव्हतं, बाबांनी मागितलं नव्हतं. बिलसुद्धा नव्हतं.

मी गेले तेव्हा बाबा स्टुलावर चढून पोपडे खरवडत होते. खाली जुने पेपर पसरलेले, चष्म्यावर पांढरा भुगा. मला बघून म्हणाले, “माझीच चूक. आता पत्रे टाकून घेऊ.” कोकणात गळक्या स्लॅबवर पत्रे चढलेली घरं पावलोपावली दिसतात. पण त्यांचं ते “माझीच चूक” मला सहन झालं नाही. काम वाईट केलं ठेकेदाराने, आणि मान खाली घातली माझ्या बाबांनी! हे पोस्ट मी त्यासाठी लिहितेय, कारण अशी मान खाली घातलेली माणसं घरोघर आहेत.

कार्ड नाही म्हणजे हक्क नाही, असं अजिबात नाही. तोंडी ठरलेला करारही करारच असतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली त्रुटी म्हणजे काय ते सांगितलंय. पत्करलेलं काम नीट न करणं त्यात येतं. तो करार लेखीच हवा अशी अट तिथे नाही. उलट केलेल्या कामाचं बिल न देणं हीच त्या कायद्याने अनुचित व्यापार प्रथा ठरवली आहे. म्हणजे ज्या कागदाच्या नावाने तो आम्हाला गप्प बसवत होता, तो न देणं हा त्याचाच दोष होता.

मग आम्ही पुरावे शोधायला बसलो. बाबांच्या पासबुकात त्याच्या नावे गेलेला २५ हजारांचा चेक होता. बाबांच्या खिशातल्या डायरीत मे २०२२ च्या पानावर “गच्ची, ४८,०००, सात वर्षे” असं त्यांच्या अक्षरात लिहिलेलं. आणि आईच्या फोनमध्ये, जो ती कधीच साफ करत नाही, गच्चीवरच्या पांढऱ्या कोटिंगचे त्यानेच पाठवलेले फोटो आणि त्याच्याच आवाजातला मेसेज: “काकी, काम झालं, आता सात वर्षं टेन्शन नाही.” तो ऐकताना आई नुसती माझ्याकडे बघत राहिली.

दुसरं काम केलं ते एका सिव्हिल इंजिनिअरला बोलावण्याचं. पाऊस थांबल्यावर त्यांनी गच्चीचे पाईप बोळे कोंबून बंद केले, पाणी भरलं आणि ४८ तास ठेवलं. दुसऱ्या दिवशी हुकाजवळ ओल आली. दोष सापडला तो कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात तिथल्या वाट्यात, म्हणजे त्या कोपऱ्यातल्या सिमेंटच्या गोलाईत. वाटा जुनाच ठेवून त्यावरून नुसतं कोटिंग फिरवलं होतं. तो तडकला आणि पाणी कोटिंगच्या खालून आत शिरलं. इंजिनिअरनी हे सहीनिशी लिहून दिलं. (ओल बाराही महिने असेल तर आधी नळाचे पाईप तपासा. ते बहुतेकदा गच्चीचं दुखणं नसतं.)

फोटो आणि अहवाल होईपर्यंत रंग लावू नका. पाहुणे येणार म्हणून भिंत रंगवून टाकली की पुरावाच झाकला जातो.

पोचपावतीसह नोटीस पाठवली, १५ दिवसांची मुदत दिली. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची तयारी होती. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीचं शुल्क नाही, वकील असलाच पाहिजे असंही नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मात्र असते. “पुढच्या पावसाळ्यापर्यंत बघू” म्हणता म्हणता ती संपते. आधी विचारायचं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५.

बाराव्या दिवशी ठेकेदार आला. मजुरी त्याची, सामान आमचं, असं ठरलं. सामानाचे पैसे आम्ही द्यायला नको होते, हे माझं आजही मत आहे. पण बाबांना पुढच्या पावसाच्या आत काम हवं होतं, आणि घर त्यांचं आहे.

या वेळी बाबांनी स्वतः कागद केला. मला आता वाटतं, “दहा वर्षांची गॅरंटी” छापलेल्या चकचकीत कार्डापेक्षा हा कागद मोलाचा. कुठला वाटा फोडून नवा करायचा, कुठलं केमिकल, किती हात, किती चौरस फूट, पाणी भरून कधी तपासायचं, पुन्हा गळलं तर किती दिवसांत यायचं. खाली दोघांच्या सह्या. काम चालू असताना बाबा तो कागद घेऊन गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते.

तो कागद आणि आमच्या नोटिशीचा मसुदा, दोन्ही माझ्याकडे आहेत. ज्यांना हवेत त्यांनी मेसेज करा, मी पाठवते.