कोरा सातबारा पाहून इसार देणाऱ्यांसाठी

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरून येतो. मजकूर साधारण असा: "जमीन किंवा फ्लॅट घेताना वकिलाच्या सर्चवर पैसे घालवू नका. ऑनलाइन सातबारा काढा. इतर हक्कात बोजा नसेल तर मालमत्ता मोकळी. फारच शंका असेल तर सरसाईवर मालकाचं नाव टाकून बघा. जुना बोजा दिसला तरी घाबरू नका, कर्ज फिटलं की तो आपोआप उतरतो."

इतर हक्क म्हणजे सातबाऱ्यावरचा कर्जाचा बोजा दाखवणारा रकाना, आणि सरसाई (CERSAI) म्हणजे बँकांच्या तारणांची केंद्रीय ऑनलाइन नोंदवही. यातलं एकही वाक्य ऐकताना धडधडीत खोटं वाटत नाही, म्हणून तर ते पुढे ढकललं जातं. सर्चचं, म्हणजे मालमत्तेच्या जुन्या नोंदी तपासण्याचं, काम करणारा माझ्यासारखा माणूस सर्चची बाजू घेणारच, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

"इतर हक्कात बोजा नसेल तर मालमत्ता मोकळी"

फ्लॅटला स्वतंत्र सातबारा नसतोच. इमारतीखालच्या जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका कितीही न्याहाळली, तरी चौथ्या मजल्यावरच्या घरकर्जाचा त्यात पत्ता लागत नाही. घरकर्जात बहुतेक वेळा मालक मूळ करारनामा बँकेच्या हवाली करतो आणि तेवढ्यानेच गहाण पुरं होतं. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम 58 हेच सांगतं. नोंद ही नंतरची गोष्ट. महाराष्ट्रात 2013 पासून अशा गहाणाची 'नोटीस ऑफ इंटिमेशन' तीस दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते. फ्लॅटसाठी पाहायचं ते तिथे. पण त्याच्याही आधी मालकाला सांगा, मूळ करारनामा दाखवा. झेरॉक्स पुढे आली, किंवा "भावाकडे आहे, नंतर आणतो" असं उत्तर आलं, तर उठायची वेळ झाली असं समजा.

शेतजमिनीला सातबारा लागतोच, पण तोही आजचाच असतो असं नाही. बँकेचा अर्ज, फेरफाराची (सातबाऱ्यातल्या बदलाची) नोंद, नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, एवढं झाल्यावर बोजा सातबाऱ्यावर चढतो. मधल्या दिवसांत काढलेला उतारा कोराच दिसणार. म्हणून 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर त्या गावचे प्रलंबित फेरफारही उघडून पाहावेत. शिवाय महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे ही नोंद उलट सिद्ध होईपर्यंतच खरी मानली जाते. नोंदीने हक्क जन्माला येत नाही, आणि नोंद नाही म्हणून हक्क मरतही नाही.

"सरसाईवर नाव टाकून बघा"

जरूर बघा. बँका, गृहवित्त कंपन्या आपलं तारण इथे नोंदवतात. 24 जानेवारी 2020 पासून तर तारण इथे नोंदवल्याशिवाय त्यांना सरफेसी कायद्याखाली (न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) वसुलीची कारवाई करता येत नाही, आणि इथली नोंद म्हणजे सगळ्यांना दिलेली जाहीर सूचना समजली जाते. म्हणजे नोंद असताना "मला माहीत नव्हतं" हे खरेदीदाराचं म्हणणं टिकणं अवघड. सहकारी बँकांनाही सरफेसी लागू आहे, हे मुरगूडच्या बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केलं.

पण शेतजमिनीवरच्या तारणाला हा कायदाच लागू नाही (कलम 31). तेव्हा विकास सोसायटीचं पीककर्ज सरसाईवर सापडेल या भरवशावर राहू नका. ते शोधायचं सातबाऱ्यावर आणि सोसायटीच्या दप्तरात. खाजगी सावकाराकडचा कागद तर सरसाईवर सहसा मिळत नाही.

आणि "नाव टाकून" म्हणजे कुठलं नाव? मी स्वतः इथे एकदा ठेच खाल्ली आहे. विक्रेतीचं सासरचं नाव शोधलं, काही निघालं नाही, अहवाल लिहायला बसलो. मूळ खरेदीखत पुन्हा चाळलं तर त्यावर माहेरचं नाव, आणि कर्जही त्याच नावावर. पहिल्या वाचनात नजर सरळ पुढे गेली होती. तेव्हापासून माहेरचं-सासरचं, उर्फ, वडिलांच्या नावासह आणि त्याशिवाय, आडनावाची इंग्रजीतली दोन्ही-तिन्ही स्पेलिंगं असं सगळं टाकून पाहतो. मालमत्तेचंही तेच. एकाच ठिकाणी 'ए-302', 'फ्लॅट 302, ए विंग' आणि नुसतं '302' अशा तिन्ही तऱ्हा आढळतात. गावाकडे एकत्रीकरणाआधीचा सर्व्हे नंबर वेगळा, आताचा गट वेगळा, वाटपानंतरचा पोटहिस्सा आणखी वेगळा. बँकेतल्या कारकुनाने नोंदवताना तिरकी रेघ गाळली तर तुमच्या शोधात शून्य येतं. त्या शून्याचा अर्थ एवढाच, की तुम्ही टाकलेल्या अक्षरांना जुळणारं काही मिळालं नाही.

विकणारी कंपनी असेल तर कंपनी निबंधकाकडची चार्जची (तारणाच्या बोजाची) नोंदही पाहावी लागते. मेसेज त्याबद्दल गप्प आहे.

"वकिलाच्या सर्चवर पैसे घालवू नका"

तीस वर्षांचा सर्च ही वकिलांनी पैशासाठी काढलेली युक्ती नव्हे. गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याला मुदत कायद्याने तीस वर्षं दिली आहेत, तो आकडा तिथून येतो. घाईत उरकलेले सर्च मीही पाहिले आहेत, पण त्यावर उपाय नीट सर्च करणारा माणूस शोधणं हा आहे.

"कर्ज फिटलं की बोजा आपोआप उतरतो"

नाही उतरत. कुणाला तरी अर्ज करावा लागतो. सातबाऱ्यावरचा बोजा कमी करायला बँकेचा किंवा सोसायटीचा निल दाखला (काही बाकी नसल्याचा) आणि नवा फेरफार लागतो. तो मंजूर झाला की जुनी नोंद खोडलेली दिसते. सरसाईवर कर्जफेडीची माहिती द्यायचं काम बँकेचं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2023 च्या परिपत्रकानुसार पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत मूळ कागद परत करून चार्ज काढायचा, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. 1 डिसेंबर 2023 पासून हे लागू आहे, कागद परत करायची मुदत त्याआधीच संपलेल्या कर्जांना ही भरपाई नाही.

विक्रेता "ते कधीच फिटलं" म्हणाला तर निल दाखला आणि बोजा कमी केल्याचा फेरफार क्रमांक मागा. ते हातात येईपर्यंत इसारापलीकडे रक्कम देऊ नका.