सॉकेटमध्ये किती अँपिअर असतात?

"मावशी, सॉकेटमध्ये किती अँपिअर असतात गं?"

भाचीचा हा मेसेज वाचला आणि उत्तर लिहीत न बसता मी तडक फोन लावला. हा प्रश्न विचारणारा माणूस बहुधा हातात मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट-अँपिअर मोजायचा मीटर, घेऊनच बसलेला असतो. तीही बसली होती. नॉब १० अँपिअरवर, लाल प्रोब (मीटरची टोकदार वायर) १० अँपिअरच्या भोकात. पाचच मिनिटांपूर्वी एका लिथियम सेलवर तिने हा प्रयोग करून पाहिला होता. "आकडा नीट दिसलाच नाही, वायर गरम झाली म्हणून सोडून दिलं," म्हणाली. पुढचा नंबर भिंतीचा होता.

हे शिकवलं कोणी? तर ‘इलेक्ट्रॉनिक्सची सात गुपितं, जी कॉलेजात सांगत नाहीत’ नावाच्या एका फॉरवर्डने. तो मला त्याच आठवड्यात आणखी दोघांकडून आला, एकदा तर ‘मुलांना जरूर दाखवा’ अशा शिफारशीसकट. गुपितं थोडक्यात अशी: करंट मारतो, व्होल्टेज नाही, म्हणून फक्त अँपिअर बघा, जास्त अँपिअरचा अडॅप्टर लावला की सर्किट जळतं, मीटर १० अँपिअरवर ठेवून सेलच्या किंवा सॉकेटच्या दोन टोकांना लावला की आत किती करंट आहे ते कळतं, रेझिस्टर (करंट आवरणारा भाग) एलईडीच्या आधीच लावायचा, नंतर लावून उपयोग नाही, ३ व्होल्टवर एलईडीला रेझिस्टर लागतच नाही, वीज नेहमी सगळ्यात सोप्या वाटेनेच जाते, आणि करंट प्लसकडून मायनसकडे वाहतो असं सांगणारी सगळी पुस्तकं चुकीची आहेत.

तिसऱ्यापासून सुरुवात करते. बाकीच्या बहुतेकांनी फार तर सर्किट जाईल, याने माणूस जाईल.

मुळात ‘आत किती करंट आहे’ हा प्रश्नच चुकला. सेलमध्ये करंट भरून ठेवलेला नसतो. सेल व्होल्टेज देतो. करंट किती वाहणार ते त्याला आपण काय जोडतो त्यावर ठरतं. काहीच जोडलं नाही तर काहीच वाहत नाही. सॉकेटचंही तेच. रिकाम्या सॉकेटमध्ये अँपिअर शून्य. भाचीला हे उत्तर फसवणूक वाटलं, पण दुसरं उत्तर नाही.

मग मीटर लावल्यावर जो आकडा उसळतो तो कशाचा? मीटरचाच. करंट मोजताना मीटर सर्किटमध्ये अडथळा होऊ नये म्हणून त्याचा रोध मुद्दाम नगण्य ठेवलेला असतो, १० अँपिअरच्या भोकाला एक शतांश ओहमच्या (ओहम हे रोधाचं माप) आसपास. म्हणजे त्या भोकात प्रोब घातला की तुमचा मीटर ही निव्वळ एक जाड तार. ती सेलच्या दोन टोकांना टेकवणं म्हणजे सेल शॉर्ट करणं. हिशोब करा: सेलचा अंतर्गत रोध, प्रोबच्या वायरी आणि मीटर मिळून एक दशांश ओहम धरला, तर ३.७ व्होल्टच्या सेलमधून ३७ अँपिअर. म्हणजे १३५ वॉटच्या वर उष्णता, एका अंगठ्याएवढ्या सेलमध्ये आणि दोन पातळ वायरींत मिळून. भाचीची वायर उगाच नाही मऊ पडली.

आता तीच तार भिंतीत घाला. २३० व्होल्ट असोत की १२०, वाटेतला रोध एका ओहमच्याही आत, म्हणजे करंट शेकड्यांत. एमसीबी, म्हणजे घरातला आपोआप वीज तोडणारा स्विच, पडेल, हो. पण पडेपर्यंत जो क्षण जातो त्यात प्रोबच्या टोकाशी धातू वितळून ठिणगीचा भडका उडतो, आणि तो प्रोब तुमच्या मुठीत असतो. स्वस्तातल्या कित्येक मीटरांवर त्या भोकाशेजारी स्पष्ट छापलेलं असतं: ‘अनफ्यूज्ड’. म्हणजे त्या वाटेवर फ्यूजच नाही. काहींवर तर १० सेकंदांच्या वर मोजू नका, मग १५ मिनिटं थांबा, असंही लिहिलेलं असतं. चांगल्या मीटरात वाळू भरलेला सिरॅमिक फ्यूज असतो, कारण काचेचा साधा फ्यूज जळाला तरी इतक्या करंटला आतली ठिणगी विझेलच असं नाही. गुपितं लिहिणाऱ्याने मीटरवर काय छापलंय एवढं वाचलं असतं तरी पुरे होतं.

करंट मोजायचा तर सर्किट एका जागी तोडायचं आणि त्या फटीत मीटर बसवायचा, म्हणजे लोडमधून, म्हणजे वीज वापरणाऱ्या वस्तूतून, जाणारा करंटच मीटरमधून जाईल. आणि मोजून झालं की लाल प्रोब लगेच व्होल्टच्या भोकात परत. हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. प्रोब तसाच विसरून मी स्वतः एकदा बारा व्होल्टची बॅटरी तपासायला गेले होते. प्रोबचं टोक अजून काळं आहे.

आता पहिलं गुपित. इथे अर्धं खरं आहे आणि ते मान्य करावंच लागतं. शॉकची तीव्रता शरीरातून, विशेषतः छातीतून, किती करंट गेला आणि किती वेळ गेला यावरच ठरते. पण तो करंट अडॅप्टरवर छापलेला आकडा नव्हे! तो करंट व्होल्टेज ढकलतं, आणि आपल्या शरीराचा रोध तो अडवतो. यासाठी कोणाच्या फॉरवर्डची गरज नाही, आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाचं मानक आहे, आयईसी ६०४७९-१. एका हातातून दुसऱ्या हातात, कोरडी त्वचा, मोठा स्पर्श, अशा स्थितीत शरीराचा मध्यम रोध त्यात दिलाय: २५ व्होल्टला ३२५० ओहम, २२५ व्होल्टला १२२५ ओहम. व्होल्टेज वाढलं की कातडीचा बचावही ढासळतो, हे त्या दोन आकड्यांतच दिसतं. भागाकार करा. १२ व्होल्टला ४ मिलिअँपिअरही (मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग) जात नाही. २२५ व्होल्टला १८० मिलिअँपिअरच्या वर जातो. प्रत्यावर्ती करंट, म्हणजे सॉकेटमधला दिशा बदलत राहणारा एसी, अर्ध्या मिलिअँपिअरला जाणवू लागतो, ५ ते १० मिलिअँपिअरला पकडलेली वस्तू सोडवत नाही, आणि चाळीस-पन्नास मिलिअँपिअर सेकंदभराहून जास्त वाहिला तर हृदयाचा ताल बिघडू शकतो.

म्हणून गाडीच्या बॅटरीची दोन्ही टोकं कोरड्या हातांनी धरली तर बहुधा काही जाणवतही नाही, जरी ती स्टार्टरला शेकडो अँपिअर देत असली. तिचा धोका वेगळा: टोकांवर पाना पडला किंवा बोटातली अंगठी मध्ये आली तर ती लाल होते. उलट ‘अँपिअर कमी, म्हणून निर्धास्त’ हे मानणारा कोणी जुना फ्लॅशचा कॅमेरा उघडेल. आत दीड व्होल्टचे सेल, पण फ्लॅशचा कॅपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) ३०० व्होल्टच्या आसपास भरलेला असतो, सेल काढल्यावरसुद्धा. मोबाईलच्या अडॅप्टरवर ५ व्होल्ट छापलेले असतात, आणि २३० व्होल्टच्या सॉकेटवर त्याच्या पोटातला पहिला कॅपॅसिटर ३२५ व्होल्टवर बसलेला असतो. ‘फक्त अँपिअर बघा’ म्हणे!

अडॅप्टरचं गुपित पटकन उडवते. अडॅप्टरवरचे अँपिअर ही त्याची ऐपत असते. ५ व्होल्ट ३ अँपिअरच्या अडॅप्टरला अर्धा अँपिअर मागणारं सर्किट लावलं तर अर्धाच जातो. जुळायला हवं ते व्होल्टेज आणि पिनचा प्लस-मायनस. एवढं मात्र खरं, की जोडणीत चूक झाली तर मोठा अडॅप्टर ती चूक जास्त जोरात जाळतो. नवशिक्याने करंटची मर्यादा लावता येणारा पॉवर सप्लाय वापरावा तो याचसाठी.

रेझिस्टर एलईडीच्या आधी की नंतर? कुठेही. एकाच वाटेवर दोघं ओळीने आहेत, दोघांतून करंट तोच जातो. इतकी साधी गोष्ट गुपित कशी होते देव जाणे.

तीन व्होल्ट आणि बिनरेझिस्टरची एलईडी: बटण सेलवर चालते, मान्य. पण ती रेझिस्टर नसताना चालत नाही, रेझिस्टर सेलच्या आतच असतो, कारण त्या चिमुकल्या सेलचा अंतर्गत रोधच करंट आवरतो. तीच लाल एलईडी दोन पेन्सिल सेलांवर लावा. तिला हवेत २ व्होल्ट, मिळाले ३. उरलेल्या एका व्होल्टला अडवायला कोणी नाही. तापली की तिची व्होल्टची गरज आणखी घटते आणि करंट आणखी वाढतो. पांढरी एलईडी ३ व्होल्टवर निभावून जाते, आणि फॉरवर्डवाल्याने बहुधा तेवढीच पाहिलेली आहे.

सोप्या वाटेचं म्हणाल, तर १० व्होल्टला १०० ओहम आणि १००० ओहम शेजारी शेजारी लावा. पहिल्यातून १०० मिलिअँपिअर जातील, दुसऱ्यातून १०. वीज सगळ्या वाटांनी जाते. ‘सोपी वाट आहे, मग माझ्यातून कशाला जाईल’ असं समजून उघड्या तारेला हात लावणाऱ्याने मघाचे मिलिअँपिअर आठवावेत.

आणि करंटची दिशा! अमेरिकन शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिनने प्लस-मायनस अठराव्या शतकाच्या मध्यात ठरवलं, इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये. तारेत इलेक्ट्रॉन उलटे जातात हे प्रत्येक पुस्तकात असतं. सेलच्या आत तर धन आयनही, म्हणजे प्लस भार असलेले कणही, वाहतात, मग ‘खरी’ दिशा कोणती म्हणायची? डायोडच्या (करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाच्या) चिन्हातला बाण ठरलेल्या दिशेनेच काढलाय, आणि सर्किट त्यानेच बरोबर सुटतं.

भाचीच्या मीटरच्या १० अँपिअरच्या भोकावर मी सध्या चिकटपट्टी लावली आहे. रुसली जरा. मग तिला म्हटलं, एलईडीचा करंट ते भोक न वापरताही कळतो. ५ व्होल्ट, लाल एलईडी, ३३० ओहमचा रेझिस्टर. मीटर व्होल्टवर ठेव आणि प्रोब रेझिस्टरच्या दोन टोकांना लाव. तिने लावले. २.९७ व्होल्ट. भागाकार तिनेच केला: नऊ मिलिअँपिअर.