एव्हलिन ग्रॅनव्हिल यांच्या वर्गाबद्दल कुणी बोलेल का?

एव्हलिन बॉइड ग्रॅनव्हिल २७ जून २०२३ रोजी गेल्या. वय ९९. त्यांच्याबद्दल जे थोडंफार लिहिलं-बोललं जातं, त्याचा साचा ठरलेला आहे. अमेरिकेत गणितात पीएच.डी. मिळवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी एक, मग आयबीएम, मग अवकाश मोहिमांसाठी कक्षांचं गणित. आणि सगळ्यात शेवटी, जागा उरलीच तर, ‘पुढे प्राध्यापकी केली’. म्हणजे रॉकेटं उडवून झाली, आता बाई निवांत खडू घेऊन बसल्या, असा एकूण सूर.

मला या सुराची चीड येते. या बाईंचं आयुष्य तारखांनिशी मांडून बघा. वर्ग आधी आहे, मधे आहे आणि शेवटीही आहे. कॉम्प्युटरची वर्षं १९५६ ते १९६७, म्हणजे अकरा-बारा. शिकवण्याची वर्षं त्याच्या दुपटीहून जास्त. तरी आपण लक्षात काय ठेवतो? नासा.

जन्म १ मे १९२४, वॉशिंग्टन डी.सी. तेव्हा त्या शहरातल्या शाळा वर्णानुसार वेगळ्या होत्या. त्या ज्या डनबर हायस्कूलमध्ये शिकल्या, ती कृष्णवर्णीय मुलांची शाळा. पण शिक्षक कसे? येल आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांतून शिकून आलेले लोक तिथे गणित शिकवत होते. इतकी शिकलेली माणसं हायस्कुलात का, तर गोऱ्यांच्या कॉलेजांची दारं त्यांना बंद होती म्हणून. याला ग्रॅनव्हिल यांचं भाग्य म्हणायला माझी जीभ धजत नाही, कारण ते भाग्य दुसऱ्या कुणाच्या तरी अडवलेल्या आयुष्यातून आलेलं होतं. पण त्या वर्गांतून बाहेर पडलेली मुलगी स्मिथ कॉलेजात गेली, १९४५ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाली आणि १९४९ मध्ये आयनार हिली यांच्या हाताखाली येलची पीएच.डी. घेऊन आली. विषय होता संमिश्र संख्यांच्या प्रतलातल्या लागेर श्रेणी. शुद्ध गणित. कॉम्प्युटरचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

इथे जरा थांबतो, कारण ‘पहिली कोण’ हा वाद लगेच निघतो. बरीच वर्षं लोक ग्रॅनव्हिल आणि मार्जरी ली ब्राउन यांचीच नावं घेत होते. ब्राउन यांचा प्रबंध मिशिगन विद्यापीठातला, जवळपास त्याच सुमाराचा. नंतर लक्षात आलं की युफेमिया हेन्स यांना १९४३ मध्येच वॉशिंग्टनच्या कॅथलिक युनिव्हर्सिटीतून पीएच.डी. मिळाली होती. मग सगळ्यांनी आपापल्या याद्या दुरुस्त केल्या. नंबर बदलले, दृष्टी तीच राहिली. या तिघींत एक गोष्ट सारखी आहे आणि ती या याद्यांत कुठेच येत नाही: तिघींनीही आयुष्याचा मोठा भाग शिकवण्यात घालवला. हेन्स वॉशिंग्टनच्या सरकारी शाळांत ४७ वर्षं होत्या. ब्राउन यांनी उत्तर कॅरोलायनातल्या डरहॅमच्या कृष्णवर्णीय कॉलेजात १९६० मध्ये आयबीएमकडून ६० हजार डॉलरचं अनुदान मिळवून कॉम्प्युटर केंद्र उभं केलं. अशा कॉलेजांतल्या सुरुवातीच्या केंद्रांपैकी ते एक. कॉम्प्युटरच्या इतिहासात याला अर्धी ओळ तरी मिळते का, बघा शोधून.

तर ग्रॅनव्हिल. न्यूयॉर्क विद्यापीठात एक वर्ष काढून त्या १९५० मध्ये नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात शिकवायला गेल्या. राहिल्या दोनच वर्षं. चरित्रात एका स्वल्पविरामात संपणारा काळ. पण त्या दोन वर्षांत त्यांच्या वर्गात दोन मुली होत्या: व्हिव्हियन मलोन आणि एटा झुबर. व्हिव्हियन डॉक्टर व्हायचं ठरवून कॉलेजात आली होती, ती गणिताकडे वळली. पुढे तिने सांगून ठेवलंय की आपण गणितात पुढे शिकलो त्यामागे ग्रॅनव्हिल बाईंचं तिथे असणं आणि त्यांचा प्रभाव आहे. त्यातलं ‘असणं’ मला महत्त्वाचं वाटतं. गणितात पीएच.डी. झालेली कृष्णवर्णीय बाई समोर फळ्याशी उभी आहे, हे त्या काळात अमेरिकेत किती मुलींनी पाहिलं असेल? प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय काही गोष्टी खऱ्याच वाटत नाहीत.

१९५२ मध्ये त्या वॉशिंग्टनला परतल्या आणि संरक्षण खात्यासाठी क्षेपणास्त्रांचे फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारी यंत्रणा, विकसित करणाऱ्या प्रयोगशाळेत लागल्या. तिथे प्रोग्रॅमिंग करणारे काही गणिती भेटले आणि कॉम्प्युटरचं वेड लागलं. जानेवारी १९५६ मध्ये आयबीएम.

आता आयबीएम ६५०, म्हणजे त्यांनी तिथे हाताळलेला कॉम्प्युटर. या यंत्राबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण त्याशिवाय तेव्हाचं प्रोग्रॅमिंग म्हणजे काय हे कळायचं नाही. आणि खरं सांगायचं तर मला ते यंत्र आवडतं.

६५० ची मेमरी म्हणजे मिनिटाला १२,५०० फेरे घेणारा एक चुंबकीय ड्रम. त्यावर २,००० शब्द मावायचे. एक शब्द म्हणजे दहा दशमान अंक आणि एक चिन्ह. संपूर्ण मेमरी एवढीच. सूचनाही दहा अंकांतच लिहायची: पहिले दोन अंक काय करायचं ते, पुढचे चार माहिती कुठे आहे ते, आणि शेवटचे चार पुढची सूचना कुठे आहे ते. हे शेवटचे चार अंक म्हणजे सगळी गंमत. एक सूचना पार पडेपर्यंत ड्रम पुढे सरकलेला असतो. पुढची सूचना लगेच शेजारच्या जागी ठेवली, तर ती ड्रम वाचणाऱ्या ‘हेड’खालून निघून गेलेली असणार आणि अख्खा फेरा संपेपर्यंत वाट बघावी लागणार. फिरत्या पाळण्यात आपला डबा हुकला की होतं तसं. एक फेरा ४.८ मिलिसेकंदांचा. ऐकायला काहीच नाही, पण हजारो सूचना एकापाठोपाठ हुकत गेल्या की मिनिटांचं काम तासावर जातं. म्हणून प्रोग्रॅमरने प्रत्येक सूचनेला किती वेळ लागेल याचा हिशेब करून पुढची सूचना ड्रमवर नेमकी कुठे पडली पाहिजे ते ठरवायचं. हाताने. कागदावर.

या कटकटीतून सोडवणारा प्रोग्रॅम म्हणजे सोप. नाव साबणासारखं, काम मात्र अक्षरांत लिहिलेल्या सूचनांचे आकडे करून त्या ड्रमवर सोयीच्या जागी बसवण्याचं. एखाद्या सूचनेचा ६५ हा आकडा पाठ ठेवण्याऐवजी ‘आरएएल’ हे तिचं अक्षरी नाव लिहायचं, जागा सोप शोधणार. ग्रॅनव्हिल यांनी ६५० साठी प्रोग्रॅम लिहिले ते सोप वापरून. येलमध्ये लागेर श्रेणींवर प्रबंध लिहिलेली बाई ड्रमच्या फेऱ्यांचा विचार करत बसली आहे हे दृश्य मला फार आवडतं. दोन्हीकडे कस एकच लागतो, शिस्तीचा.

आणि या यंत्राचीच एक गोष्ट माझ्या मुद्द्याला थेट लागू पडते. ज्या विद्यापीठांत कॉम्प्युटरचे अभ्यासक्रम चालतील, त्यांना आयबीएमने ६५० च्या भाड्यात ६० टक्क्यांपर्यंत सूट देऊ केली होती. हा दानधर्म नव्हता, चोख व्यवहार होता. शिकवणारं कुणी नसेल तर यंत्र चालवणारे येणार कुठून, आणि चालवणारेच नसतील तर यंत्र घेणार कोण? शिकवण्याची किंमत कंपनीला कळत होती. इतिहास लिहिणाऱ्यांना अजून कळायची आहे.

मग आल्या अवकाश मोहिमा. आयबीएमला व्हॅनगार्ड या अमेरिकेच्या सुरुवातीच्या उपग्रह प्रकल्पाच्या गणनेचं काम मिळालं आणि ग्रॅनव्हिल त्या गटात गेल्या. कक्षांची सूत्रं मांडायची, ती कॉम्प्युटरला पेलतील अशा पायऱ्यांत बसवायची. पुढे माणूस अवकाशात पाठवण्याच्या मर्क्युरी प्रकल्पासाठीही तेच. आयुष्यातलं सगळ्यात रंजक काम हेच, असं त्या स्वतः म्हणत, त्यामुळे मी ते कमी लेखायला बसलेलो नाही. मात्र जॉन ग्लेनने फेब्रुवारी १९६२ मध्ये पृथ्वीभोवती तीन फेऱ्या मारल्या, तोवर बाई वॉशिंग्टन सोडून लॉस एंजेलिसला गेल्या होत्या. त्या उड्डाणाचं श्रेय डोळे झाकून त्यांच्या नावावर टाकू नये. त्यांना त्याची गरजही नाही. १९६२ मध्ये नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनमध्ये त्यांनी अपोलोसाठी काम केलं, १९६३ मध्ये पुन्हा आयबीएम.

१९६७ मध्ये आयबीएमने लॉस एंजेलिसमधली माणसं कमी करायला सुरुवात केली. ग्रॅनव्हिल यांना ते शहर सोडायचं नव्हतं, म्हणून त्यांनी तिथल्याच कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत नोकरी धरली. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर कुणीतरी लगेच ‘लाखाची नोकरी सोडून ज्ञानदानाचं व्रत’ वगैरे सुरू करेल. व्रत-बित काही नव्हतं. नोकरी होती. पण नोकरी म्हणून घेतलेल्या कामात माणूस काय करतो ते बघायचं असतं.

त्यांनी काय केलं? कॉलेजात गणित आणि प्रोग्रॅमिंग शिकवताना दिसलं की मुलांचा पायाच कच्चा आहे. अशा वेळी आपल्यापैकी बहुतेक जण शाळांच्या नावाने बोटं मोडून गप्प बसतात. (मीही मोडतो.) बाई थेट प्राथमिक शाळेत गेल्या. १९६८-६९ मध्ये एका पूरक गणित कार्यक्रमात त्यांनी बालवाडीपासून पाचवीपर्यंतच्या मुलांना शिकवलं. अपोलोच्या मार्गांवर काम केलेली, येलची डॉक्टरेट असलेली बाई पहिलीच्या मुलांसमोर! आणि मग तिथून अजून एक पायरी मागे: मुलं कच्ची कारण शिक्षकांनाच गणिताची भीती. मग शिक्षकांना शिकवा. १९७५ मध्ये जेसन फ्रँड यांच्यासोबत त्यांनी भावी शिक्षकांसाठी गणिताचं पाठ्यपुस्तक लिहिलं.

चूक वर दिसते, मूळ खाली असतं, आणि एकेक थर उतरत तिथपर्यंत जायचं असतं हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कुणालाही सांगायला नको. बाईंनी तेच केलं. मला त्यांच्या आयबीएमच्या वर्षांत आणि या वर्षांत फारसा फरक दिसत नाही तो यामुळे.

मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे. नव्या मुलांशेजारी बसून त्यांना कोड वाचायला शिकवणाऱ्या माणसाच्या वाट्याला अप्रेझलमध्ये काय येतं, ते मी वर्षानुवर्षं बघतोय. ‘टीम प्लेअर’. बढती दुसऱ्याला. त्यामुळे या विषयावर मी तटस्थ आहे असा आव आणत नाही.

१९८४ मध्ये त्या कॅलिफोर्नियातून निवृत्त झाल्या. नवऱ्याबरोबर पूर्व टेक्सासमध्ये शेतावर राहायला गेल्या, कोंबड्या पाळल्या, अंडी विकली. इथे तरी थांबतील असं वाटतं ना? थोड्याच दिवसांत टायलर गावच्या टेक्सास कॉलेजात पुन्हा गणित आणि कॉम्प्युटर शिकवायला लागल्या. १९९० पासून तिथल्याच विद्यापीठात. १९९७ पर्यंत, म्हणजे वयाच्या त्र्याहत्तरीपर्यंत.

त्या फिस्कच्या दोन मुलींचं पुढे काय झालं ते राहिलं. एटा झुबर फाल्कनर यांनी एमरी विद्यापीठातून पीएच.डी. केली आणि अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात, म्हणजे कृष्णवर्णीय मुलींच्या कॉलेजात, कितीतरी दशकं शिकवलं. आज अमेरिकेत स्त्री-गणितींची संघटना त्यांच्या नावाने व्याख्यान ठेवते. व्हिव्हियन मलोन-मेज यांनी १९६१ मध्ये आपल्याच गावच्या, वेकोच्या बेलर विद्यापीठात प्रवेश मागितला. कृष्णवर्णीय म्हणून नाकारला गेला. त्या ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात गेल्या. तिथे आर. एल. मूर या नावाजलेल्या प्राध्यापकाने त्यांना आपल्या वर्गात घेतलं नाही, विद्यापीठाने सहायक म्हणून शिकवूही दिलं नाही. १९६६ मध्ये त्यांनी पीएच.डी. पूर्ण केली आणि त्याच वर्षी बेलरमध्ये रुजू झाल्या. ज्या विद्यापीठाने पाच वर्षांपूर्वी विद्यार्थिनी म्हणून नको म्हटलं होतं, तिथल्या पहिल्या कृष्णवर्णीय प्राध्यापक म्हणून.

पुढच्या वेळी कुणी ग्रॅनव्हिल यांच्यावर चार ओळी लिहिणार असेल, तर नासा जरूर घ्या. फक्त १९५० ते १९५२ ही दोन वर्षं तेवढी गाळू नका.