आधी घर लागू दे, मग तबला

नव्या फ्लॅटची किल्ली हातात पडली की पहिल्याच रात्री एक वाक्य पाठ करून टाका : ‘एकदा घर लागलं ना, की रोज तासभर रियाज.’ हे मनापासून म्हटलं की पुढचे ११ महिने, म्हणजे लीव्ह अँड लायसन्सचा भाडेकरार संपेपर्यंत, तबल्याला हात लावायची वेळ येत नाही.

तयारी सामान बांधतानाच सुरू होते. खोक्यावर आत काय आहे ते लिहायचं नाही. सगळ्यांवर ‘इतर’. तबला, डग्गा, चुंबळी, पावडर आणि सूर मिळवायची हातोडी एकाच खोक्यात भरली तर उतरल्यावर दहा मिनिटांत बैठक जमते. म्हणून हातोडी स्वयंपाकघराच्या खोक्यात टाका, खलबत्त्याशेजारी. ती दिवाळीच्या साफसफाईत सापडेल.

लिफ्टचं फार मनावर घेऊ नका. पाटीवर ६ माणसं, ४०८ किलो लिहिलेलं असतं, म्हणजे माणशी ६८. कपाट वजनात बसतं, दारात बसत नाही. दार आधी मोजणारे लोक वेगळे. ते संध्याकाळपर्यंत चहा पीत बसलेले असतात.

आता मुख्य काम. तबल्याला कोपरा हवा, कोपऱ्याला शेल्फ हवं आणि शेल्फला भोक. मुंबईत भोक हा स्वतंत्र छंद आहे. मिवान पद्धतीच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या टॉवरमध्ये भिंती काँक्रीटच्या, इतर बऱ्याच इमारतींत आतल्या भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या. बोटाने ठोकून फरक कळतो, म्हणून ठोकू नका. काँक्रीटवर साधं ड्रिल टेकवा : बिट तापून निळं पडेल आणि भिंतीला वाटाण्याएवढा खड्डा. तिथे हॅमर ड्रिल लागतं. सिपोरेक्सवर मात्र हॅमर लावाच. ६ मिमीचं भोक बघता बघता ८चं होतं, प्लग स्क्रूबरोबर गरगर फिरतो, आणि शेल्फ दोन दिवस उभं राहून तिसऱ्या रात्री अडीचला खाली येतं. हॅमर बंद ठेवून, एक नंबर लहान बिट घेऊन, लांब नायलॉनचा प्लग वापरला तर काम अर्ध्या तासात संपतं आणि मग रविवार मोकळा राहतो. मोकळ्या रविवारी माणसाला तबला आठवतो.

जागा निवडायची ती स्विचबोर्डच्या बरोबर वर, सरळ रेषेत. वायरिंगचा पाइप बहुधा तिथूनच खाली उतरतो. नेम लागला तर एमसीबी पडतो, फ्रिज बंद, इलेक्ट्रिशियन शोधणं सुरू, आणि एक अख्खा आठवडा सत्कारणी.

ड्रिल सुताराकडून मारून घेणार असाल तर उत्तमच. बहुतेक सोसायट्यांत ठोकाठोकीची वेळ ठरलेली असते : सकाळी १० ते १, मग दुपारी वामकुक्षीनंतर थोडी. रविवारी बंद. सुतार एक वाजून पाच मिनिटांनी येतो. तो ‘निघालोय’ म्हणतो तेव्हा कुर्ल्याला असतो. ‘पोचलोच’ म्हणतो तेव्हाही कुर्ल्यालाच असतो.

शेजाऱ्यांची काळजी घ्या, म्हणजे वाजवायच्या आधीच घाबरा. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५. हे आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा, कारण सांगायला उपयोगी पडतात. डग्ग्याचा घुमारा हवेतून जेवढा जातो तेवढाच लादीतून खालच्या मजल्यावर उतरतो. जाड सतरंजीची चौघडी किंवा जिममधली रबरी चटई खाली घातली आणि सामाईक भिंतीपासून दूर बसलं तर बराच फरक पडतो. सतरंजी अर्थातच ‘इतर’मध्ये आहे.

पावसाळा हा तुमचा खरा मित्र. जूनपासून हवेतली ओल पुडीत, म्हणजे तबल्याच्या कातडी तोंडात शिरते, कातडं ढिलं पडतं, सूर उतरतो. तुम्ही गट्ठे, म्हणजे बाजूच्या पट्ट्यांखालचे लाकडी ठोकळे, खाली ठोकून तो चढवा. पट्ट्यांमधली १६ घरं फिरत, समोरासमोरची जोडी धरून, गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या विणलेल्या काठावर, अलगद ठोके देत सूर मिळवायची भानगड नको. सगळा जोर गट्ठ्यांवर. मग तबला एसीच्या झोतासमोर ठेवा. रात्रभरात कातडं सुकून ताणलं जातं, सूर पट्टी सोडून वर जातो, आणि सकाळी पुडी गजऱ्यापाशी चिरलेली मिळते. शाईही, म्हणजे मधला काळा गोलही, खवले सोडते. मग नवी पुडी बसवून घ्यायची, म्हणजे एक शनिवार, तीही ‘पुढच्या आठवड्यात देतो’ या बोलीवर. गवसणी घालून, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून, बाथरूमच्या भिंतीपासून लांब ठेवणारे लोक पावसाळाभर वाजवतात. त्यांच्या घरी पडदे लागलेले नसतात, हेही बघून घ्या.

वेळ ठरवायची तर सकाळी साडेसहाची. पाणीही तेव्हाच येतं. संध्याकाळी लोकलमधून उतरल्यावर दहा मिनिटं मोकळी मिळाली तर मुळीच बसू नका. दहा मिनिटांत एक कायदा (तबल्याची ठरलेली बंदिश) आणि त्याचे दोन पलटे होतात, आणि दहा मिनिटं रोज मिळतात, मोठा धोका आहे. त्यापेक्षा पडद्याच्या रॉडचे भाव बघा.

अकराव्या महिन्यात मालक भिंतीसमोर उभे राहून भोकं मोजतील. तोवर पांढरी पुट्टी भरून, वाळल्यावर १८० नंबरचा पॉलिश पेपर मारून ठेवा. पांढऱ्या भिंतीवर खपून जातं, क्रीम रंगावर ठिपका न् ठिपका दिसतो. टेम्पो खाली लागलेला असेल, ‘इतर’ची खोकी लिफ्टपाशी रांगेत असतील, चिकटपट्टी जशीच्या तशी. तेवढ्यात फोन वाजेल.

‘साहेब, आलोय खाली. वॉचमन सोडत नाहीये. ते शेल्फ लावायचं होतं ना?’